चित्रपुस्तकांतून ‘वाटून खावं’ खरंच शिकवता येतं का? (वय ३ ते ६)

ओसरी

वाचनालयातल्या शनिवारच्या गटासाठी विचारते आहे. मुलं १२, वय ३ ते ६, वेळ पाऊण तास. विषय ठरलाय: दुसऱ्याच्या मनाचा विचार करणं आणि आपल्यातलं थोडं देणं. पुस्तकांचा तुटवडा नाही, अडचण वेगळी आहे. गोष्ट संपली की ‘काय शिकलो?’ला सगळी एका सुरात ‘वाटून खावं’ म्हणतात आणि दोन मिनिटांत ठोकळ्यांवरून जुंपते. पुस्तक चुकतंय, वाचन चुकतंय, की अपेक्षाच चुकतेय?

पुस्तक निवडताना काय बघायचं, वाचताना कुठे थांबायचं, नंतर काय करायचं, हे नेमकं सांगा. ‘लहानपणीच संस्कार करावेत’ हे कृपया नको, ते पाठ आहे. :)

चिंचबोरं

आधी अपेक्षेचं बोलू, म्हणजे बाकीचं सोपं जाईल. ‘द्यायला हवं’ हे कळणं आणि हातातली वस्तू सुटणं यात चारपाच वर्षांचं अंतर असतं. स्मिथ, ब्लेक आणि हॅरिस यांनी २०१३ मध्ये ३ ते ८ वर्षांच्या मुलांवर हेच तपासलं. निम्मे स्टिकर द्यायला हवेत, हे तीन वर्षांचं मूलही सांगत होतं. प्रत्यक्ष निम्मे देणारी मुलं मात्र सातआठ वर्षांची. गंमत म्हणजे लहान मुलांना ‘तू स्वतः किती देशील?’ विचारल्यावर त्यांनी कमीच देऊ असं प्रामाणिकपणे सांगितलं. तेव्हा तुमची मुलं ढोंगी नाहीत. नियम त्यांना येतो, फक्त तो अजून हातात उतरलेला नाही.

म्हणून ‘काय शिकलो?’ हा प्रश्न वाया जातो. ज्याचं उत्तर मुलांना आधीपासून येतं तेच तुम्ही विचारताय. आपल्याकडच्या बोधकथांच्या तळाला ठळक अक्षरात ‘तात्पर्य’ छापायची जी सवय आहे, तिचीच ही तोंडी आवृत्ती.

उपयोग कशाचा होतो ते बघा. सिलिया ब्राउनेल आणि सहकाऱ्यांचा २०१३ चा अभ्यास दीड ते अडीच वर्षांच्या मुलांचा आहे. पालकांना चित्रपुस्तक वाचून दाखवायला सांगितलं आणि नंतर मुलं किती देतात, किती मदत करतात ते पाहिलं. जास्त देणाऱ्या मुलांचे पालक चित्रातल्या भावना मुलांकडून वदवून घेत होते: ‘त्याला काय वाटतंय? का बरं?’ पालक स्वतः भावनांवर किती बोलतात याच्याशी तितका संबंध दिसला नाही. मुलाने बोलणं महत्त्वाचं. सगळ्या धाग्यातून एकच गोष्ट उचलायची तर ही उचला.

शंकासुर

दोन शंका. पालक बोलके म्हणून मूल देतं, की मूलच मुळात मनमिळाऊ म्हणून पालकांना बोलायला हुरूप येतो? आणि पंचतंत्रावर पिढ्या वाढल्या, त्यांना स्टिकर लागले नाहीत.

चिंचबोरं

पहिली शंका रास्त आहे. तो अभ्यास नातं दाखवतो, कारण सिद्ध करत नाही. पण प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत, तोटाही नाही.

पंचतंत्राचं म्हणाल तर त्याचा हेतूच निराळा. विष्णुशर्म्याने अमरशक्ती राजाच्या तीन मठ्ठ मुलांना व्यवहार आणि राजनीती शिकवायला ते सांगितलं, अशी त्याची चौकटकथा आहे. मित्र कसे फोडावेत, बलाढ्य शत्रूला कसं गुंगवावं, हा त्यातला मोठा भाग. मगर आणि माकडाची गोष्ट फर्मास आहे, पण ती सांगून झाल्यावर औदार्य शोधू नका. हुशारीसाठी वाचा.

प्राण्यांवरून आठवलं. टोरांटोत लार्सन, ली आणि गॅनिया यांनी ४ ते ६ वर्षांच्या मुलांना वाटून घेण्याची एकच गोष्ट दोन प्रकारे वाचून दाखवली: एकीत कपडे घातलेले प्राणी, दुसरीत माणसं. प्रत्येकाकडे १० स्टिकर होते. माणसांची गोष्ट ऐकलेल्यांनी आधीपेक्षा जास्त दिले, प्राण्यांची ऐकलेल्यांनी कमी. प्राणी आपल्यासारखेच आहेत असं ज्या मुलांना वाटत होतं, त्यांनी त्यातल्या त्यात जास्त दिले. मोजणी एकाच वाचनानंतर लगेच केलेली, त्यामुळे ससे-हत्ती माळ्यावर टाकायची गरज नाही. पण वाटून घेण्यासाठी म्हणून पुस्तक निवडताय तर मुलांच्या वयाची, त्यांच्यासारख्या घरातली माणसं असलेलं पुस्तक आधी घ्या.

कोनाडा

निवडीबद्दल. चित्रपुस्तक हातात आलं की मजकूर झाकून फक्त चित्रं बघा. चेहरे आणि हात दिसतात का? बरीच स्वस्त पुस्तकं इथेच बाद होतात. सगळ्या पानांवर तेच छापील हसू, रडणारा असेल तर दोन निळे थेंब. अशा चित्रावर ‘त्याला काय वाटतंय?’ विचारून मुलाला शोधायला काही उरत नाही. खांदे पडलेले, नजर दुसरीकडे, वस्तू पाठीमागे लपवलेली, एक पाय पुढे आणि एक मागे, असं काही चित्रात हवं.

नंतर देणारा आणि घेणारा बघा. ही फार नाजूक जागा आहे. पुष्कळ पुस्तकांत देणाऱ्याला नाव असतं, घर असतं, आवडीनिवडी असतात. आणि घेणारा नुसता ‘एक गरीब मुलगा’, फाटका सदरा, मान खाली. त्यातून मूल शिकतं ते वरून खाली बघायला. मोलकरणीच्या मुलीला जुनी बाहुली देऊन नायिकेला शाबासकी मिळते, असं पुस्तक सरळ बाजूला ठेवा. घेणाऱ्यालाही नाव हवं, त्याच्याकडेही देण्यासारखं काही हवं: एखादी युक्ती, खेळ, चिंचा कुठे पडतात याची माहिती.

तिसरं: शेवटी बक्षीस आहे का? दिलं म्हणून परीने सोन्याची नाणी दिली, तर तो सौदा झाला. आणि शिक्षाही नको. हावरट मुलाचं पोट फुगलं वगैरे गोष्टींना मुलं खदखदा हसतात, तेवढंच. ली, तलवार आणि मंडळींचा २०१४ चा प्रयोग खरं बोलण्यावर होता, देण्यावर नव्हे, पण इथे लागू पडावा: खोटं बोलल्यामुळे वाईट झालं अशा प्रसिद्ध गोष्टींनी मुलांच्या वागण्यात फरक पडला नाही; खरं सांगितलं आणि मोठी माणसं सुखावली, या गोष्टीने पडला.

मिळतात कुठे: ज्योत्स्ना प्रकाशनाची मराठी चित्रपुस्तकं, नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय मालिका, तूलिकाची मराठी पुस्तकं. आणि प्रथम बुक्सचं स्टोरीविव्हर हे संकेतस्थळ, २०१५ पासून चालू आहे. तिथली पुस्तकं फुकट उतरवून घेता येतात. परवाना खुला आहे, त्यामुळे श्रेय देऊन छापता येतात, मराठीत भाषांतरही करता येतं. तुमच्या गटाला पातळी १ आणि २. मराठी मजकूर मात्र आधी मोठ्याने वाचून बघा. काही भाषांतरं जिभेवर अडखळतात. ती वाक्यं पेन्सिलीने सुधारून घ्या.

दूरदेशी

इकडच्या रविवारच्या मराठी शाळेसाठी असाच संच लावताना शब्दांचा घोळ होतो, तो इथेही मांडते. ‘शेअर कर’ हा आता महाराष्ट्रातही सर्रास ऐकू येणारा हुकूम आहे. मराठीत ती चार वेगळी कामं आहेत. बिस्किट वाटून घ्यायचं, म्हणजे आपलं अर्धं कायमचं जातं. तीनचाकी आळीपाळीने चालवायची, म्हणजे ती परत येते. खोडरबर उसनं द्यायचं, म्हणजे तेच परत मिळायला हवं. लहान झालेला सदरा देऊन टाकायचा, तो परत मागायचा नाही. तीन वर्षांच्या मुलाला चारही ठिकाणी एकच शब्द ऐकू आला तर त्याने गाडी घट्ट धरून ठेवणं अगदी तर्काला धरून आहे. मागच्या वेळी ‘शेअर’ केलेलं बिस्किट परत आलं नव्हतं!

पुस्तकं निवडताना या चारांतलं नेमकं कोणतं आहे ते आतल्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवा. ओसरीताईंच्या ठोकळ्यांचं भांडण आळीपाळीचं आहे आणि वाचलेली पुस्तकं बहुधा खाऊची. मेळ बसणार कसा?

तसंच ‘काइंड’ला ‘दयाळू’ म्हणू नका. दया वरून खाली येते. मायाळू, प्रेमळ, समजूतदार, कनवाळू यांतला जो चित्राला बसेल तो घ्या.

कोनाडा

+१. भावनांचे शब्दही ‘आनंदी’ आणि ‘दुःखी’ या जोडगोळीवर अडकलेले असतात. बोलीत केवढं भांडार आहे: खट्टू, हिरमुसला, रुसला, फुरंगटला, ओशाळला, कावराबावरा, भांबावला, अवघडला, हरखला, धास्तावला. एका पुस्तकामागे नवे दोनच शब्द घ्या. आणि ते करून दाखवा: रुसलेलं तोंड आणि हिरमुसलेलं तोंड. रुसलेल्याला कोणीतरी समजूत काढायला हवं असतं. हिरमुसलेल्याचं काहीतरी हुकलेलं असतं. हा फरक चार वर्षांच्या मुलाला अभिनयातून चटकन कळतो, व्याख्येतून कळत नाही.

ओसरी

चार कामांची फोड डोळे उघडणारी आहे. खरंच, सगळी पुस्तकं खाऊचीच निघाली! आता वाचताना कुठे, किती थांबायचं?

चिंचबोरं

एक पुस्तक आठवड्यात किमान तीनदा. तुमचा गट शनिवारचा, म्हणून तेच पुस्तक सलग तीन शनिवार घ्या. मुलं कंटाळत नाहीत, कंटाळतो आपण.

पहिल्या वाचनात थांबायचं नाही. गोष्ट सरळ होऊ द्या. मूल मध्येच बोललं तर मान डोलवा आणि पुढे जा. पहिल्याच वाचनात प्रश्न विचारले की गोष्टीचा धागा तुटतो आणि मग कोणाला काय वाटतंय हे मुलांना कळतच नाही.

दुसऱ्या वाचनात तीन थांबे, जास्त नाहीत. आधी ठरवून त्या पानांच्या मागे चिकटचिठ्ठी लावा. समजा गोष्ट अशी आहे: सलमाचा पतंग उडतोय, जयूचा मांजा तुटलाय.

पहिला थांबा: जयूचा चेहरा दिसतो ते पान. ‘जयूला काय वाटतंय? कशावरून ओळखलंस?’ यातला ‘कशावरून’ महत्त्वाचा. त्याने मूल पुन्हा चित्राकडे वळतं, नाहीतर सगळी शेजारच्याचं उत्तर म्हणतात.

दुसरा थांबा: सलमा आपल्या मांज्याच्या रिळाकडे बघतेय ते पान. ‘सलमाच्या मनात काय चाललं असेल?’ इथे ‘तिला द्यायचं नाहीये’ हे उत्तर आलं तर ते तितक्याच आनंदाने घ्या: ‘हो, असंही असेल. का बरं?’ देणाऱ्याची कुचंबणा न बोलता पुढे गेलं की औदार्य फुकटचं वाटतं.

तिसरा थांबा: निर्णयाचं पान उलटण्याआधी. ‘आता काय काय होऊ शकतं?’ ‘काय करायला हवं?’ असं विचारू नका. ‘हवं’ आलं की परीक्षा सुरू.

प्रश्नानंतर मनात पाच आकडे मोजा. साधारण दुसऱ्या आकड्यावर आपलंच तोंड उघडतं. मग मुलाने जे सांगितलं त्यात एखादा शब्द घालून परत म्हणा. ‘तो रडतोय.’ — ‘हो, मांजा तुटला म्हणून रडवेला झालाय.’ आणि मुलाला ते म्हणू द्या. व्हाइटहर्स्ट यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या संवादी वाचनाचा गाभा हाच: विचारा, ऐका, वाढवा, पुन्हा म्हणवून घ्या.

तिसऱ्या वाचनात मुलं सांगतील, तुम्ही पानं उलटा.

शंकासुर

आणि बारा मुलांत हे कसं जमायचं? पाच जणं ‘मला, मला’, तीन खिडकीबाहेर.

कोनाडा

बारा नाहीच. सहा-सहाचे दोन गट, एक वाचनाला, एक चित्रं काढायला, मग अदलाबदल. साडेतीन वर्षांखालची मुलं आठदहा मिनिटं टिकतात, पाच वर्षांची पंधरा. वेगळी बसवणं उत्तम. तुम्ही पाटावर बसा, खुर्चीवर नको, म्हणजे पुस्तक मुलांच्या डोळ्यांच्या पातळीला येतं. पुस्तक खालच्या बाजूने मध्यावर धरा, हात चित्रावर येऊ देऊ नका. खिडकी मुलांच्या पाठीशी हवी; तुमच्या पाठीशी असली की पान काळपट दिसतं. गुळगुळीत कागद चकाकत असेल तर पुस्तकाचा वरचा काठ जरासा मुलांकडे झुकवा. वीतभर आकाराची पुस्तकं गटात वाचू नका, ती मांडीवर घेऊन एकदोघांना वाचायची.

दूरदेशी

होणाऱ्या चुकांची भर घालते. भांडण झाल्या झाल्या तेच भांडण असलेलं पुस्तक काढायचं नाही. मुलाला ते बरोबर कळतं, आणि पुस्तक म्हणजे शिक्षा असं समीकरण होतं. दोन दिवस जाऊ द्या. दुसरी चूक, ‘बघ, सलमा कशी शहाणी! नाहीतर तू.’ या एका वाक्याने सलमा कायमची नावडती होते.

ओसरी

वाचून झाल्यावर? सध्या खाऊवाटप असतं. छान देणाऱ्याला चांदणी.

चिंचबोरं

चांदणी बंद करा. वॉर्नेकेन आणि तोमासेलो यांनी २००८ मध्ये वीस महिन्यांच्या मुलांवर पाहिलं: मदत केल्यावर वस्तू बक्षीस मिळालेली मुलं, बक्षीस थांबल्यावर इतरांपेक्षा कमी मदत करू लागली. तोंडी कौतुकाने तसं झालं नाही. ते कौतुकही घडलेल्या गोष्टीचं करा: ‘तू रीळ दिलंस, बघ जयू कसा हरखला.’

खाऊ वाटायचा तर मुलाला खरी निवड द्या. चेर्न्याक आणि कुश्निर यांच्या २०१३ च्या प्रयोगात तीनचार वर्षांच्या मुलांना हिरमुसलेल्या बाहुल्याला स्टिकर द्यायचा की स्वतःला ठेवायचा, हे ठरवू दिलं. ज्यांनी स्वतः ठरवून दिला, त्यांनी पुढच्या खेपेला नव्या बाहुल्यालाही जास्त दिले. ‘दे’ म्हणून सांगितलेल्यांनी तितके दिले नाहीत.

तुमच्याकडे असं करा. प्रत्येकाला पाच मणी, दोन वाट्या: एक स्वतःची, एक आज न आलेल्या मुलासाठी. ‘तू ठरव. त्याच्या वाटीत एकही नाही टाकलास तरी चालेल,’ असं म्हणा आणि खरोखर चालू द्या. चेहऱ्यावर नाराजी दाखवलीत की निवड संपली. मणी सम संख्येत देऊ नका. चार दिले की मुलं यांत्रिकपणे दोन-दोन करतात. पाचात एक जास्तीचा कुठे जाणार याचा विचार करावा लागतो. तीन वर्षांखालच्यांना मणी नको, गिळतात, त्यांना ठोकळे.

आणि ठोकळ्यांच्या भांडणात ‘लगेच दे’ म्हणू नका. ‘तुझं झालं की कोणाला देशील?’ विचारा. खेळणं स्वतःहून नेऊन देण्याची संधी ओढून घेतल्यावर उरत नाही.

शंकासुर

हे पटलं. पण मग आपली चिऊ-काऊ बाद का? काऊचं घर शेणाचं, वाहून गेलं, तो कुडकुडत दाराशी. आणि चिऊताई म्हणते, ‘थांब माझ्या बाळाला न्हाऊ घालते, थांब माझ्या बाळाला तीट लावते.’ पिढ्यानपिढ्या आपण शेजाऱ्याला पावसात उभं करणं शिकवतोय!

कोनाडा

बाद कशाला, इतकी तयार गोष्ट दुसरी नाही. मुलांना पाठ असते, त्यामुळे पहिलं वाचनही लागत नाही. दारावरची प्रत्येक थाप म्हणजे एक थांबा. ‘काऊला आता काय वाटतंय? मगाशी काय वाटत होतं?’ थापेगणिक उत्तर बदलतं. आणि चिऊची बाजूही आहे: बाळ लहान, घर मेणाचं, बाहेर मोठी चोच. काही घरी सांगतात त्या शेवटात काऊला चटका बसतो. तो शेवट सांगायचाच असं काही नाही.

ओसरी

हिचं चित्रपुस्तक मुलांकडूनच करून घेतलं तर? थापा सात धरल्या तर पानं किती?

बोरू

बरोब्बर बसतं. ए-४ आकाराचे चार कागद, जरा जाड घ्या, १२० ग्रॅमच्या आसपास. पातळ कागदावर तेलखडू मागे उमटतो. चारही एकात एक मध्ये दुमडा. १६ पानं होतात: पहिलं-शेवटचं मुखपृष्ठ आणि मलपृष्ठ, आत सात जोडपानं. एका जोडपानावर एक थाप. डावीकडे बाहेरचा काऊ, उजवीकडे घरातली चिऊ, मधली घडी म्हणजे दार. अक्षरं घालू नका, चेहरेच बोलू देत.

चित्रं शिवण्याआधी काढून घ्या, म्हणजे सहा मुलं एकदम काम करू शकतात. पण पानांचे क्रमांक आधी घडीजवळ पेन्सिलीने घाला. सुटा कागद उलगडला की पान २ शेजारी पान १५ येतं, आणि इथेच सगळ्यांची गफलत होते: पहिल्या थापेचा काऊ सातव्या थापेच्या चिऊशी बोलायला लागतो.

शिवण: घडीवर तीन भोकं, वरून ३ सेंमी, १०.५ सेंमी आणि १८ सेंमीवर. दाभणाने आतून बाहेर टोचा. दोरा गोधडीचा, ५५ सेंमी. मधल्या भोकातून आतून बाहेर, वरच्या भोकातून आत, मधलं भोक सोडून थेट खालच्यातून बाहेर, पुन्हा मधल्यातून आत. दोन्ही टोकं मधल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना येऊ द्या आणि त्यावर गाठ मारा, म्हणजे ती सरकत नाही. गाठ आत राहिली की मुलांची बोटं कमी पोचतात. टाचण्या वापरू नका, टोकं वर येतात.

ओसरी

मस्त. पुढचे तीन शनिवार ठरले मग: सहा-सहाचे गट, चांदण्या बंद, पाच मणी, आणि शेवटी चिऊ-काऊ. सातव्या जोडपानावर चिऊ दार उघडते की नाही, हे मुलांवर सोडू?

चिंचबोरं

सोडा. दोन गट आहेत, दोन शेवट होतील. एका गटाचं पुस्तक दुसऱ्याला वाचायला द्या.

बोरू

आणि दोऱ्यावरून मेणबत्ती फिरवून घ्या, पिंजत नाही. शेणाने काय होतं ते काऊला विचारा.